आधी वेदी, मग पाया, मग मंदिर
माध्यमिक शाळेची इमारत टप्प्याटप्प्याने बांधू पाहणाऱ्या मंडळ्यांस
शास्त्रपाठ : एज्रा ३:१–१३, लूक १४:२८–३०



बाबेलच्या बंदिवासातून सुटून यहूदी लोक यरुशलेमेस परत आले, तेव्हा त्यांच्या वाडवडिलांचे मंदिर तेथे उभे नव्हते. नगर उद्ध्वस्त, तट पडलेला, आणि लोक थोडे. अशा स्थितीत त्यांनी प्रथम काय केले? जरुब्बाबेल व येशूवा यांनी आधी वेदी बांधली. मंदिराचा पाया अजून घातला गेला नव्हता, तरी वेदीवर अर्पणे सुरू झाली, हे शास्त्रलेखकाने मुद्दाम नमूद केले आहे. मग गवंड्यांस व सुतारांस पैका दिला, आणि लबानोनाहून गंधसरूचे लाकूड आणण्यासाठी सीदोनी व सोरी लोकांस अन्न, पेय व तेल पोचते केले. दुसऱ्या वर्षाच्या दुसऱ्या महिन्यात पायाचे काम हाती घेतले. मंदिर पुरे झाले ते त्यानंतर पुष्कळ वर्षांनी. आधी वेदी, मग पाया, मग मंदिर असा हा क्रम आहे, आणि आज आपण त्यावरच मनन करू.

आपल्या पुष्कळ खेड्यांत एक प्रश्न वारंवार उभा राहतो. गावची प्राथमिक शाळा चौथीपर्यंत, कोठे सातवीपर्यंत असते. २००९ सालच्या शिक्षणहक्काच्या कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या मुलास आठवीपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. परंतु त्यापुढे काय? हायस्कूल जर दोन-तीन कोसांवर असेल, तर मुलगा कसाबसा सायकलीवर जातो. मुलीचे मात्र शिक्षण तेथेच खुंटते. आईबाप म्हणतात, रस्त्यात ओढा आहे, येता येता अंधार पडतो, घरी धाकटी भावंडे आहेत. बोलण्यात दोष काढता येत नाही, पण त्या मुलीच्या हातची वही कायमची सुटते. म्हणून एखाद्या मंडळीच्या मनात येते की आपल्या पंचक्रोशीत माध्यमिक शाळा व्हावी, आणि ती केवळ आपल्याच लेकरांसाठी नव्हे, तर सर्व जातींच्या व सर्व धर्मांच्या लेकरांसाठी व्हावी. विचार उत्तम आहे. परंतु पैका थोडा व काम मोठे असले म्हणजे सभेत दोन पक्ष पडतात.

एक पक्ष म्हणतो, सगळी रक्कम हाती आल्यावाचून कुदळ मारू नये. दुसरा म्हणतो, विश्वास ठेवा, सगळ्या इमारतीचा पाया एकदम खणा, देव पुरवील. पहिला पक्ष वाट पाहत बसतो, आणि तोवर शाळेच्या वयाची एक पिढी निघून जाते. दुसरा पक्ष खांब उभे करतो, आणि मग वर्षानुवर्षे त्या उघड्या खांबांतून गंजक्या सळया आकाशाकडे पाहत राहतात. पहिल्यास आपण सावधपणा म्हणतो व दुसऱ्यास विश्वास म्हणतो; पण एज्राच्या पुस्तकातील लोकांनी यांपैकी एकही मार्ग धरला नाही. त्यांनी सगळ्याचा बेत केला, थोडक्यास आरंभ केला, आणि जेवढे केले तेवढे उपयोगास लावले. टप्प्याटप्प्याने बांधणे म्हणजे विश्वासात उणे पडणे नव्हे. मात्र त्याचे काही नियम आहेत, आणि ते पाळले नाहीत तर टप्पे हे केवळ अर्धवट कामाचे गोड नाव होते.

पहिला नियम असा की, बेत मात्र सगळ्याचा करावा.

दावीद राजास मंदिर बांधण्याची आज्ञा मिळाली नाही. ते काम त्याच्या पुत्राचे होते. तरी इतिहासाच्या पहिल्या पुस्तकाच्या २८ व्या अध्यायात आपण वाचतो की, त्याने शलमोनास देवडी, खोल्या, भांडारे, अंगणे या सर्वांचा नमुना स्वाधीन केला. बांधणारा दुसरा, काळ दुसरा, पण नकाशा एक. आपल्या प्रभूनेही बुरूज बांधणाऱ्याचा दृष्टांत सांगितला. तो माणूस आधी बसून खर्चाचा हिशेब करतो. कारण पाया घालून काम सोडून दिले तर पाहणारे हसतात. दृष्टांताचा मुख्य अर्थ शिष्यपणाविषयी आहे हे खरे, परंतु ज्या व्यवहारावरून प्रभूने तो घेतला तो व्यवहारही खराच आहे.

शाळेच्या बाबतीत याचा अर्थ काय? समजा, आपणांस आज तीन खोल्या बांधता येतात, आणि पुढे कधी तरी त्यांवर दुसरा मजला चढवावयाचा आहे. तर पाया आजच दोन मजल्यांच्या भाराचा घातला पाहिजे. भिंत मागाहून वाढविता येते, छप्पर मागाहून बदलता येते; पण इमारत उभी राहिल्यावर तिच्याखालचा पाया वाढविणे फार खर्चाचे व जिकिरीचे काम आहे. आपल्या देशावरील काळी जमीन तर पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. तिच्यावर उथळ पाया घातला तर दोन-तीन पावसाळ्यांत भिंतींस तडे जातात. म्हणून मुरूम किंवा खडक लागेपर्यंत खणावे लागते, किंवा जाणत्या इंजिनिअरच्या सल्ल्याने निराळ्या रीतीचा पाया घालावा लागतो. जमिनीखाली गेलेला हा पैका कोणास दिसत नाही, त्यावर कोणाच्या नावाची पाटी लागत नाही, पण पुढील सर्व टप्पे त्याच्यावरच उभे राहावयाचे असतात.

बेतात कागदही येतात. ज्या जमिनीवर शाळा बांधावयाची तिचा सातबारा कोणाच्या नावे आहे? तो संस्थेच्या नावे असावा. कोणा एका सज्जनाच्या नावे नसावा, मग तो सज्जन कितीही भला असो. सज्जन मरतात, आणि वारस कोर्टात जातात. संस्थेची नोंदणी, जमिनीचा बिनशेती परवाना, शाळा काढण्याची सरकारी मंजुरी, आणि इमारतीच्या नकाशास मिळालेली संमती, ही कामे विटा येण्यापूर्वीची आहेत. नहेम्याने राजापाशी केवळ रजा मागितली नाही. नदीपलीकडील अधिकाऱ्यांस पत्रे मागितली, आणि लाकडासाठी राजाच्या वनाच्या रक्षकासही पत्र मागितले. तो प्रार्थना करणारा मनुष्य होता, आणि तोच कागद मागणाराही होता.

दुसरा नियम असा की, प्रत्येक टप्पा आपल्यापुरता पुरा असावा.

वेदी बांधून झाली त्या दिवशी ती पुरी वेदी होती. मंदिर नसतानाही तिच्यावर उपासना होत होती. तसाच शाळेचा पहिला टप्पा हा शाळेचा तुकडा नसावा, लहान का होईना पण शाळा असावी. शंभर खांब उभे करून एकही वर्ग न भरविण्यापेक्षा एक खोली पुरी करून तीत वर्ग भरविणे चांगले.

आणि येथे परमेश्वराने कामाची सोय मुलांच्या वाढीतच करून ठेवली आहे. आठवीपासून शाळा सुरू केली तर पहिल्या वर्षी आठवीच असते. दुसऱ्या वर्षी तीच मुले नववीत जातात व मागून नवी आठवी येते. तिसऱ्या वर्षी दहावी होते. म्हणजे तीन वर्गखोल्या एकाच वर्षी लागत नाहीत. दरसाल एक लागते. पहिल्या वर्षी एक वर्गखोली, शिक्षकांची एक लहान खोली, पाणी व संडास. दुसऱ्या वर्षी दुसरी वर्गखोली, आणि नववी आली म्हणून विज्ञानाच्या प्रयोगांसाठी जागा. तिसऱ्या वर्षी दहावीची खोली व पुस्तकांचे दालन. सभागृह, कुंपणाची शोभिवंत भिंत व कमान ही त्यानंतर. प्रत्येक टप्प्यासाठी किती पैका हवा हे आधी लिहून ठेवावे, आणि तो टप्पा पुरा करण्याइतकी रक्कम हाती किंवा खात्रीची असल्यावाचून त्याची कुदळ मारू नये. असे केल्यास काम कोठेही थांबले तरी मागे शाळाच राहते, अवशेष राहत नाहीत.

ऋतूंचाही विचार करावा. दिवाळीनंतर खणण्यास लागावे, उन्हाळ्यात छप्पर पुरे व्हावे, आणि जूनमध्ये पाऊस व शाळा ही दोन्ही एकदम येतात हे विसरू नये. सिमेंटच्या कामावर निदान सात दिवस सतत पाणी मारीत राहावे लागते, आणि त्याच्या पुऱ्या बळाची परीक्षा २८ दिवसांनी करतात. मार्च-एप्रिलात विहिरी आटतात. तेव्हा बांधकामास पाणी कोठून आणावयाचे याचा बेत जर माघातच केला नसेल, तर घाईने वाळलेले काम कच्चे राहते. ही गोष्ट उपदेशाच्या जागी सांगण्याजोगी नाही असे कोणी म्हणेल. पण त्या छपराखाली आपली लेकरे बसावयाची आहेत.

आपल्या महाराष्ट्रातील दोन उदाहरणे या ठिकाणी आठवतात.

पंडिता रमाबाईंनी १८८९ च्या मार्च महिन्यात मुंबईत शारदासदन उघडले. ते मोजक्याच विद्यार्थिनींवर सुरू झाले, आणि पुढल्या वर्षी पुण्यास गेले. अमेरिकेत १८८७ साली त्यांच्या मदतीसाठी जी सभा स्थापन झाली तिने दहा वर्षांपुरते साह्य देण्याचे वचन दिले होते. रमाबाई त्या वचनावर निर्धास्त झोपल्या नाहीत. मुदत एक दिवस संपणार हे ओळखून त्यांनी केडगाव येथे जमीन घेतली, आणि शेती व फळझाडे करून संस्थेस स्वतःचे उत्पन्न व्हावे असा बेत केला. पुढे १८९६–९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातील शेकडो निराधार मुली त्यांनी आश्रयास आणल्या, तेव्हा त्यांस ठेवण्यास तीच जमीन उपयोगी पडली. मुक्तिसदन तेथेच वाढले. पुढच्या टप्प्याची जागा ज्याने आधी राखून ठेवली असते, त्याला संकटाच्या दिवशी धावाधाव करावी लागत नाही.

दुसरे उदाहरण कर्मवीर भाऊराव पाटील यांचे. १९१९ साली कराडजवळच्या काले या गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापिली. १९२४ मध्ये तिचे ठाणे साताऱ्यास आले. तेथे सर्व जातींची मुले एका छपराखाली राहत व एका पंक्तीस जेवत. त्या मुलांच्या अन्नाची पंचाईत पडली, तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी आपले दागिने, अखेर मंगळसूत्रही, दिले. पुढे १९३५ साली शिक्षक तयार करणारे विद्यालय निघाले, १९४० साली महाराजा सयाजीराव हायस्कूल निघाले, आणि १९४७ साली साताऱ्यास छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू झाले. यांतील क्रम पाहा. आधी मुलास निवारा व भाकर, मग शिक्षक, मग हायस्कूल, मग कॉलेज. संस्था काढल्यापासून पहिले हायस्कूल निघेपर्यंत एकवीस वर्षे लागली. परंतु त्या एकवीस वर्षांत एकही वर्ष रिकामे गेले नाही, कारण प्रत्येक टप्प्यावर मुले शिकतच होती.

तिसरा नियम असा की, जे सर्वांत दुर्बळ त्यांच्या गरजेचे आधी बांधावे.

पैका थोडा असला की मनुष्याचे मन दिसणाऱ्या गोष्टीकडे धावते. कमान, नावाची पाटी, व्यासपीठ. परंतु मुलीस शाळेत टिकवून ठेवते ते कमान नव्हे. आडोशाचा, पाणी असलेला, आतून कडी लागणारा संडास हा पहिल्या टप्प्यात नसेल, तर ती वर्षभरात घरी बसते. पिण्याच्या पाण्याचा हौद, आणि पायांनी अधू असलेल्या मुलास वर्गात जाता येईल असा उतार, हेही पहिल्याच टप्प्यातले.

त्याच टप्प्यात सुरक्षितपणा येतो, आणि येथे काटकसर करणे हे पाप आहे असे मी स्पष्ट म्हणतो. १९९३ च्या सप्टेंबरच्या ३० तारखेस पहाटे किल्लारी व आसपासच्या गावांत भूकंप झाला. दगड व माती यांनी रचलेल्या जाड, जड भिंती निजलेल्या माणसांवर कोसळल्या, आणि हजारो जीव गेले. त्यापासून आपण हे शिकलो की, जोत्याच्या, दरवाजांच्या माथ्याच्या व छपराच्या पातळीस सळया घातलेली सिमेंटची पट्टी भिंतीभोवती सलग फिरविली पाहिजे, म्हणजे भिंती एकमेकींस धरून राहतात. खर्च थोडा, पण जीव वाचतात. तसेच २००४ च्या जुलैत तामिळनाडूतील कुंभकोणम येथे एका शाळेच्या स्वयंपाकघरात आग लागून ती गवताच्या छपरास भिडली, आणि ९४ लेकरे जळून मेली. म्हणून कोणी असे म्हणू नये की, पहिला टप्पा तात्पुरता आहे, गवताच्या मांडवात भागवू. इमारत तात्पुरती असेल. तीत बसणारे लेकरू तात्पुरते नाही. टप्पा लहान चालेल, कच्चा चालणार नाही.

आता काम थांबण्याविषयी एक शब्द. एज्राच्या चवथ्या अध्यायात वाचतो की, पाया घातल्यावर विरोध झाला, कारस्थाने झाली, आणि मंदिराचे काम बंद पडले. ते सुमारे पंधरा वर्षे बंद राहिले. विरोध हे एक कारण होते. पण हाग्गय संदेष्ट्याने दुसरेही दाखविले. लोकांनी आपापल्या घरांस तक्तपोशी केली होती, आणि देवाचे घर ओसाड पडले होते. पुष्कळ शाळांचा दुसरा टप्पा असाच अडतो. पहिल्या खोलीच्या उद्घाटनास सगळे येतात. दुसऱ्या खोलीच्या वर्गणीस थोडे येतात. यावर उपाय दोन. एक, हिशेब दर तिमाहीस मंडळीपुढे वाचावा, जमा किती, खर्च किती, कोणत्या दुकानातून किती पोती सिमेंट आले हे सर्व. आणि पैशाची पेटी व वही एकाच माणसाच्या हाती नसावी. ज्या हिशेबावर प्रकाश पडतो त्यास वर्गणी सुकत नाही. दुसरा उपाय नहेम्याचा. त्याने तटाचे काम वाटून दिले, आणि पुष्कळांस आपापल्या घरासमोरचा भाग दिला. शल्लूम नावाचा एक अधिकारी आपल्या मुलींसह राबला, असे तिसऱ्या अध्यायात लिहिले आहे. तट ५२ दिवसांत पुरा झाला. आपणही खोली वाटून द्यावी. एका वाडीने दगड, दुसरीने वाळू, तिसरीने मजुरी. ज्याच्याजवळ पैका नाही त्याने आठवड्यातून एक दिवस. आणि बाप ज्या खोलीची माती वाहतो त्या खोलीतून तो आपली मुलगी सहसा काढीत नाही.

शेवटची गोष्ट ही की, पाया घातला गेला त्या दिवशी दोन आवाज झाले. तरुणांनी आनंदाचा गजर केला, आणि ज्या वृद्धांनी पहिले मंदिर पाहिले होते ते मोठ्याने रडले; आणि कोणता आवाज कोणाचा हे ओळखेना. आपल्याही मंडळीत असेच होईल. एखादा म्हातारा उपदेशक त्या एका खोलीकडे पाहून म्हणेल, आम्ही एवढेच का स्वप्न पाहिले होते? त्यास तुच्छ लेखू नका. परंतु जखऱ्या संदेष्ट्याने लहान आरंभाच्या दिवसास हलके मानू नये अशी जी सूचना केली, ती त्याच पायाविषयी होती, हे त्याला प्रेमाने सांगा. आणि मंदिर अखेर पुरे झाले. दारयावेश राजाच्या कारकिर्दीच्या सहाव्या वर्षी, पाया घातल्यापासून सुमारे वीस वर्षांनी. पाया घालताना जे रडले त्यांतील कित्येकांनी ते पाहिले नसेल. दावीदाने तर पहिले मंदिरही पाहिले नाही. तरी सोने, रुपे, पितळ व लाकूड साठवून तो गेला.

म्हणून, पंच, उपदेशक व मंडळीतील बंधुभगिनींनो, तुमच्या गावात ही गोष्ट निघेल तेव्हा सभेत तीन प्रश्न विचारा. सगळ्याचा नकाशा व हिशेब झाला आहे काय? हा टप्पा येथेच थांबला तर मागे चालती शाळा राहील काय? आणि या टप्प्यात सर्वांत दुर्बळ लेकराची सोय पहिली आहे काय? तिन्हींस होय असे उत्तर आले, तर रक्कम लहान आहे म्हणून भिऊ नका. एकास जरी नाही असे उत्तर आले, तर रक्कम मोठी आहे म्हणून फुलू नका. घरी जाऊन पुन्हा बसा आणि मोजा.

ज्याने सहा दिवसांत क्रमाने सृष्टी केली, आणि आपले काम पाहून ते चांगले आहे असे म्हटले, तो देव आपल्या हातचे प्रत्येक टप्प्याचे काम असेच पाहो, आणि त्यास चांगले म्हणण्याजोगे ते आपल्या हातून होवो. आमेन.